सामाईक मातीचा बांध पाझरतो आहे, जबाबदारी कोणाची?

आपण लिहिता की, आजोबांनी सामाईक गटातून जाणाऱ्या नाल्यावर घातलेला सुमारे आठ मीटर उंचीचा मातीचा बांध आता पाझरतो, खालच्या वस्तीने तहसीलदारांकडे लेखी तक्रार केली आहे आणि दोन्ही चुलतभाऊ दुरुस्तीच्या खर्चाला तयार नाहीत.

धरण सुरक्षा अधिनियम, 2021 हा 15 मीटरहून उंच धरणांना आणि 10 ते 15 मीटरच्या काही ठरावीक धरणांनाच लागू असल्याने आपला बांध त्याच्या कक्षेत येत नाही; पण त्यामुळे जबाबदारी टळत नाही. कार्वेटनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीत फुटून रेल्वेचे नुकसान झाले, तेव्हा 1874 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) त्याला भरपाईतून मुक्त केले, ते त्याचा निष्काळजीपणा सिद्ध न झाल्यामुळे. आपल्याकडे तर गळतीची लेखी तक्रार येऊन पडली आहे, आणि तिच्यानंतरही स्वस्थ बसलेल्या मालकाला अतिवृष्टीचा बचाव फारसा वाचवणार नाही. 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलेले चिपळूण तालुक्यातील तिवरे धरणही मातीचेच होते, त्याच्याही गळतीच्या तक्रारी आधी झाल्या होत्या, आणि त्यात 20 हून अधिक माणसे गेली. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भरपाईचे म्हणाल तर नुकसान झालेला माणूस संपूर्ण रक्कम तिघांपैकी कोणाही एकाकडून मागू शकतो. एक तृतीयांश हिस्सा ही आपल्या घरातली वाटणी झाली.

म्हणून भावांच्या होकाराची वाट न पाहता मातीकामाच्या जाणकार स्थापत्य अभियंत्याकडून पावसाळ्यापूर्वी लेखी पाहणी करून घ्यावी. पाझर गढूळ असेल तर भरावातली माती वाहून जात आहे असे समजून पाणीपातळी अभियंत्याच्या देखरेखीखाली तातडीने उतरवावी आणि सांडवा (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) मोकळा करावा. भीतीपोटी स्वतः बांध फोडू नये, कारण त्या लोंढ्याने झालेले नुकसान थेट आपल्या माथी येईल. अहवालाची प्रत तहसीलदारांना उत्तरासोबत द्यावी. भावांना खर्चाच्या अंदाजासह नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवावी, म्हणजे पुढे भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 70 आधारे त्यांच्या हिश्शाची मागणी करता येईल.

सातबारा आणि मोजणी नकाशाही आधी तपासावा. जमीन महसूल संहितेच्या कलम 20 नुसार नाल्याचे पात्र शासनाचे ठरल्यास कायमस्वरूपी दुरुस्तीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागेल.