‘फर्स्ट कॉपी’ घड्याळ आणि पाणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्या मेहुण्यांनी मला रोलेक्स सबमरीनर या डायव्हिंगसाठीच्या घड्याळाची ‘फर्स्ट कॉपी’ भेट दिली आहे. घड्याळ हातात जड लागते, चावी आट्यांवर फिरवून घट्ट बसते आणि तबकडीवर ‘१००० फूट = ३०० मीटर’ असे स्पष्ट छापलेले आहे. दुकानदाराने पाण्याने भरलेल्या ग्लासात ते पाच मिनिटे बुडवून दाखवले होते, असेही मेहुणे सांगतात. मे महिन्यात आम्ही तारकर्लीला जाणार आहोत. तेथे स्नॉर्केलिंग आणि जमल्यास स्कूबा डायव्हिंगही करण्याचा बेत आहे. घड्याळ हातावर ठेवले तर चालेल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे सविस्तर सांगतो, कारण हाच प्रश्न या ना त्या रूपात अनेकजण विचारतात.

तबकडीवरच्या ३०० मीटरपासून सुरुवात करू. पाणबुड्यांच्या, म्हणजे खोल पाण्यात उतरणाऱ्या माणसांच्या, घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार असे घड्याळ किमान १०० मीटरचे असावे लागते, आणि विक्रीला जाणाऱ्या प्रत्येक घड्याळाची लिहिलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के अधिक दाबाखाली चाचणी व्हावी लागते. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एक बारने (बार हे दाब मोजण्याचे एकक) वाढतो, म्हणजे ३०० मीटरचे घड्याळ सुमारे साडेसदतीस बार दाबाखाली तपासले जाते. मूळ सबमरीनर १९५३ साली आले तेव्हा १०० मीटरचे होते. पुढे काच, चावी आणि तिच्या आतले रबरी वॉशर सुधारत गेले तसा हा आकडा वाढला. मूळ घड्याळावर आकडा येतो तो चाचणीच्या आधाराने. नकलेवर तो येतो तबकडीच्या नक्षीबरोबर. ज्याने ती तबकडी छापली त्याला घड्याळ किती खोल जाईल हे ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि पाणी शिरले तर जबाबदारी घेण्यासाठी तो तुमच्यासमोर उभाही राहणार नाही.

आता ग्लासातल्या परीक्षेविषयी. ग्लासात घड्याळावर फार तर दहा सेंटिमीटर पाणी असते. त्याचा दाब एक बारच्या शंभराव्या हिश्शाएवढा होतो, आणि पाच मिनिटांत त्या दाबाने आत थेंब आला नाही तर त्यावरून समुद्राविषयी काहीच कळत नाही. उन्हात तापलेले घड्याळ घेऊन विहिरीत उडी मारली तर यापेक्षा कितीतरी कठीण परीक्षा होते. वाळूवर बसून घड्याळ ५० अंशांपर्यंत तापले आणि मग ३० अंशांच्या पाण्यात गेले, तर आत कोंडलेली हवा आक्रसते आणि आतला दाब सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो. सुमारे साठ सेंटिमीटर पाण्याखाली जेवढा दाब पडेल तेवढ्याने घड्याळ पाणी आत ओढू लागते, आणि हे तुम्ही अजून पृष्ठभागावर असतानाच घडते. मे महिन्यातल्या कोकणात ही स्थिती नेहमीचीच आहे.

पाणी शिरण्याच्या मुख्य वाटा तीन : काचेची कड, मागचे झाकण आणि चावी. कॉपी घड्याळ उघडले की झाकणाच्या खाचेत बसवलेली काळी रबरी रिंग आधी पाहावी. ती अनेकदा कोरडी असते, म्हणजे तिला सिलिकॉनचे ग्रीस लागलेलेच नसते. कुठे ती झाकण आवळताना चिमटली जाऊन एका बाजूने चपटी झालेली असते, तर कुठे खाचेपेक्षा जाडीने कमी असल्यामुळे दाबलीच गेलेली नसते. पण सर्वांत दगा देणारी जागा चावीची. आट्यांची चावी घट्ट बसली म्हणजे पाणी अडले, असा तुमच्याप्रमाणेच अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आटे चावीला धरून ठेवतात आणि पाणी अडवण्याचे काम आतली रबरी वॉशर करतात. मूळ सबमरीनरच्या चावीत अशी एकाहून अधिक वॉशर वेगवेगळ्या जागी असतात. नकलेत बाहेरचा आकार आणि त्यावरची खूण तंतोतंत उतरवली जाते, आत मात्र एखादेच वॉशर असते आणि ज्या नळीवर ते बसते ती नळी केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचात, नीट बसवलेली नसते. आटे ओबडधोबड कापलेले असतील तर थोड्याच दिवसांत ते झिजतात आणि चावी पूर्ण बसल्यासारखी वाटूनही किंचित वर राहते.

सगळ्याच कॉपी गळतात असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. महागड्या नकलांपैकी काहींचे केस चांगल्या यंत्रांवर कापलेले असतात, आणि एखाद्या जाणकार घड्याळजीने त्यातली सर्व वॉशर बदलून, ग्रीस लावून ते बंद केले तर असे घड्याळ चाचणीत टिकूही शकते. पण तुमचे घड्याळ त्यांपैकी आहे की नाही हे बाहेरून पाहून, वजनावरून किंवा किमतीवरून सांगता येत नाही. ते यंत्रच सांगू शकते.

ही चाचणी दोन प्रकारे होते. कोरड्या चाचणीत घड्याळ बंद कप्प्यात ठेवून आधी हवा ओढून घेतात, नंतर दाब देतात, आणि काचेवर टेकवलेली बारीक सुई काच किती फुगली वा दबली ते मोजते. केस घट्ट असेल तर काच दाब असेपर्यंत वाकलेलीच राहते. गळती असेल तर आतबाहेरचा दाब सारखा होऊन ती हळूहळू मूळ जागी येते. ओल्या चाचणीत काचेच्या नळकांड्यात खाली पाणी आणि वर दाबाखालची हवा असते. घड्याळ काही मिनिटे त्या हवेत टांगतात, मग पाण्यात उतरवून दाब हळूहळू सोडतात. आत हवा शिरलेली असेल तर ती ज्या फटीतून गेली तिथूनच बुडबुड्यांची माळ बाहेर पडताना दिसते. या पद्धतीत पाणी आत न जाता दोष कळतो, म्हणून ती मला अधिक पसंत आहे. तुमच्या घड्याळजीकडे असे यंत्र नसेल तर मोठ्या शहरातील सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी करावी लागेल. मात्र अधिकृत सेंटर नक्कल हातातही घेत नाही, हे आधीच ध्यानात ठेवा.

चाचणीत घड्याळ पास झाले तरी तो निकाल त्या दिवसापुरता असतो. रबर घामाने, साबणाने आणि उन्हाने कडक होत जाते. अस्सल घड्याळाचीही वॉशर ठरावीक काळाने बदलावी लागतात, आणि त्यासाठी नेमक्या मापाचे सुटे भाग मिळतात. नकलेला नेमका कोणता भाग बसेल हे प्रत्येक वेळी शोधूनच ठरवावे लागते.

राहिला स्कूबाचा प्रश्न, आणि येथे मला अधिक काळजी वाटते. पाण्याखाली घालवलेला वेळ हा पाणबुड्याच्या सुरक्षिततेचा हिशेब असतो. पाणबुड्यांच्या घड्याळाची तबकडीभोवतीची फिरती कडी एकाच दिशेने फिरते, ती याचसाठी : चुकून धक्का लागला तर गेलेला वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसावा, कमी कधीही दिसू नये. नकलेतली कडी सैल असली किंवा मशीन मध्येच थांबले तर तुम्ही अशा आकड्यावर विसंबून राहाल जो खोटा आहे. तारकर्लीला पहिल्यांदा उतरणाऱ्यांबरोबर प्रशिक्षक असतो आणि वेळेचा हिशेब तोच ठेवतो, त्यामुळे तुम्हाला घड्याळाची गरज नाही. ते खोलीवरच ठेवून जा.

प्रश्न : पावसात भिजल्यानंतर माझ्या कॉपी घड्याळाच्या काचेवर आतून वाफ धरली. दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवल्यावर ती गेली. आता ते पुन्हा वापरता येईल ना? — एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : वाफ दिसेनाशी झाली म्हणजे पाणी गेले असे समजू नका. घड्याळ गरम असताना ती बाष्प होऊन आतच पसरते आणि गार झाल्यावर पुन्हा काचेवर जमते. तांदूळ बंद केसमधून ओलावा ओढू शकत नाही. आणि ओलावा खरोखरच बाहेर पडला असेल, तर ज्या वाटेने तो गेला ती वाट उघडीच आहे. घड्याळ गरम करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा आणि मिनिटभराने पुसून आतून धुके धरते का ते पाहायचे, ही चाचणी मानकांमध्येही आहे. तुमच्या घड्याळाने तिचा निकाल आपणहून दिला आहे.

ते लवकरात लवकर घड्याळजीकडे नेऊन झाकण उघडून घ्या. सेलवर चालणारे असेल तर सेल काढायला सांगा, आणि चावीची बारीक दांडी ओढून पाहायला सांगा. गंज प्रथम तिच्यावरच दिसतो, तांबूस ठिपक्यांच्या रूपाने. तेवढाच असेल तर मशीन साफ करून वाचू शकते. हेअर ड्रायरने वाळवण्याचा प्रयत्न मात्र करू नका, कारण त्या उष्णतेने रबर आणखी बिघडते आणि बाष्प मशीनच्या आत खोल जाते. समुद्राचे पाणी शिरले असेल तर एक दिवसही थांबू नये. मिठामुळे पोलादाचे भाग फार वेगाने खराब होतात.

प्रश्न : ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणून विकलेले कॉपी घड्याळ पाण्यात बंद पडले तर विक्रेत्याविरुद्ध तक्रार करता येते का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : पावती नसेल तर व्यवहार सिद्ध करणेच कठीण जाते, आणि अशा विक्रीत पावती सहसा दिली जात नाही. खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणे किंवा विक्रीसाठी बाळगणे हा व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ प्रमाणे गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ज्याचा सगळा धंदाच असा चालतो त्याच्या तोंडी हमीला किंमत देऊ नये.

प्रश्न : मी रोज सकाळी तरण तलावात पोहतो. आतापर्यंत कॉपी वापरत होतो, आता साधे पण अस्सल घड्याळ घ्यायचे आहे. ५० मीटर पुरेल की १०० मीटर घ्यावे? तलाव तर दोनच मीटर खोल आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : आपण योग्य निर्णय घेतला आहे, आणि त्यासाठी मोठी रक्कम लागत नाही. १०० मीटरचे घ्या.

या आकड्यांचा अर्थ नव्या घड्याळाने स्थिर पाण्यात सोसलेला दाब एवढाच आहे. म्हणून ३० मीटरचे घड्याळ हात धुताना वा पावसात चालते, पण पोहण्यासाठी घेऊ नये. ५० मीटरचे घालून पोहता येते, तरी रोजच्या वापरात वॉशर झिजत जातात, आणि त्यासाठी थोडी जास्तीची क्षमता हाताशी असलेली बरी. हात मारताना पाण्याचा दाब प्रचंड वाढतो असे जे सांगितले जाते ते मात्र अतिशयोक्त आहे. हात सेकंदाला पाच मीटर वेगाने फिरला तरी त्यामुळे वाढणारा दाब सव्वा मीटर खोलीएवढाच असतो. दहा मीटरच्या फळीवरून उडी मारली तर तो सुमारे एक बार वाढतो. घड्याळाचे खरे नुकसान वेगापेक्षा क्लोरीन, साबण आणि तापमानातल्या बदलांनी होते.

कॅसिओची १९८३ साली बाजारात आलेली जी-शॉक मालिका २०० मीटरची आहे, आणि तिच्यातली साधी मॉडेले चांगल्या नकलेच्या किमतीतही मिळू शकतात. तेवढेही नको असेल तर कोणत्याही नामांकित कंपनीचे, पावती आणि वॉरंटीसह मिळणारे १०० मीटरचे सेलवरचे घड्याळ पुरेल. पोहून झाल्यावर ते गोड्या पाण्याने धुवा, ओले असताना चावी किंवा बटणे ओढू वा दाबू नका, आणि पोहल्यानंतरच्या गरम शॉवरला ते काढून ठेवा. सेल बदलताना झाकणाची रिंगही बदलून दाबचाचणी करून देतील का, हे घड्याळ हातातून देण्याआधी विचारा. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.