एकच घाट कर, पण दोनदा

प्रिय बाबू,

तुझा मेसेज दोनदा वाचला. नवी मोटरसायकल, तीन दिवसांची रजा, आणि तेवढ्यात चोर्ला, अनमोड, दूधसागर, तांबडी सुर्ला, नेत्रावळी, वेळ उरला तर काणकोणातलं खोतीगाव. वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. तुझ्या वयाची पोरं रजा मिळाली की किनाऱ्याकडे पळतात, तू डोंगराकडे तोंड केलंस, याचा आनंद. काळजी एवढीच, की अशी यादी खिशात असली की माणसाचे डोळे तीन दिवस घड्याळावरच राहतात.

माझं ऐकशील तर बाकीचं सगळं खोडून टाक. फक्त गोव्यातून बेळगावकडे जाणारा चोर्ला घाट ठेव. एक दिवस पायथ्याला सत्तरी तालुक्यात काढ, दुसऱ्या दिवशी घाट चढ, रात्री वर राहा आणि तिसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने खाली ये. परतीला दुसरा रस्ता शोधू नकोस. चढताना डोळ्यांसमोर डोंगर असतो आणि उतरताना दरी. सकाळी सावलीत असलेली बाजू दुपारी उन्हात येते. मी सत्तरीत अठरा वर्षं मास्तरकी केली, हा घाट किती वेळा केला त्याची मोजदाद नाही, आणि तरी उतरताना दर खेपेला काहीतरी नवं दिसायचं.

पणजीहून निघालास की डिचोली, साखळी करत वाळपईला ये. साखळीला टाकी भरून घे आणि टायरची हवा बघ. नाश्ता मात्र वाळपईच्या बाजारातल्या एखाद्या छोट्या हॉटेलात कर. पातळ भाजी, पाव, जोडीला मिरची भजी. तिथल्या बाकावर अर्धा तास बसलास तर आज नदीला पाणी किती, कुठल्या रस्त्यावर झाड पडलंय, हे न विचारता कळेल.

मग ब्रह्मकरमळीला जा. तिथली ब्रह्मदेवाची काळ्या दगडातली कदंबकालीन मूर्ती बघ. ही मूर्ती मूळची तिसवाडीतल्या करमळीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं मोडायला घेतली तेव्हा गावकऱ्यांनी देव उचलला आणि जंगलाच्या आसऱ्याला इथवर आणला. सोबत गावाचं नावही आणलं. तू ज्या रस्त्याने तासा-दीड तासात येशील, त्या वाटेने तेव्हा माणसं देव खांद्यावर घेऊन, नदी ओलांडत आली असतील. देवळाच्या पायरीवर थोडा वेळ बस. फोटो नंतर काढ.

दुपारी म्हादईच्या काठी जा, उस्ते किंवा सोनाळकडे. पाण्यात उतरू नकोस. वरून शांत दिसते, पण तिच्या कोंडींचा, म्हणजे खोल डोहांचा, तळ गावच्या पोहणाऱ्यांनाही नीट ठाऊक नसतो. काठावर बसून बघ. पणजीला तू जिला मांडवी म्हणतोस, जिच्यावरून रोज पूल ओलांडतोस, तीच ही. तिथे कॅसिनोच्या बोटी पेलणारी नदी इथे दगडांमधून वाट काढत असते. आजूबाजूचं रान हे म्हादई अभयारण्य, 208 चौरस किलोमीटरचं, 1999 साली जाहीर झालेलं. आत शिरायचं तर वनखात्याची परवानगी लागते, ती काढ. परवानगी नसेल तर रस्त्यावरूनच बघ, रस्त्यावरूनही पुष्कळ दिसतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता केरीहून घाटाला लाग. त्या वेळी बेळगावची भाजी घेऊन टेम्पो खाली येत असतात. तुझ्या आईच्या स्वयंपाकघरातला कोबी, गाजर, हिरवी मिरची बहुतेक याच रस्त्याने उतरते. हा व्यवहार आजचा नाही. पूर्वी आपल्या मिठागरांतलं मीठ बैलांच्या पाठीवरून घाटावर जायचं आणि धान्य खाली यायचं. म्हणून सांगतो, वरच्या माणसाला ‘घाटी’ म्हणून हिणवायची आपल्याकडे सवय आहे, ती तोंडी येऊ देऊ नकोस. पिढ्यानपिढ्या त्यांनी आपल्याला खाऊ घातलं आहे, आणि सत्तरीतल्या कितीतरी घरांच्या सोयरिकी वरच्या गावांत आहेत.

चार-पाच वळणं चढलास की मागे वळून बघ. खाली अंजुणे धरणाचं पाणी पसरलेलं दिसेल. सगळे तिथे थांबतात, सुंदर म्हणतात, निघून जातात. तू हे लक्षात ठेव की त्या पाण्याखाली अंजुणे गाव आहे. लोकांना मोर्ल्याला वसवलं. माझ्या वर्गात त्या घरांतली मुलं होती. गावाचं चित्र काढायला सांगितलं तर एका मुलीने पानभर निळा रंग भरला आणि मधोमध एक तुळस काढली. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

आता गाडीबद्दल, आणि हे मन लावून वाच. नोकरीच्या पहिल्या वर्षात मी बेळगावला एका लग्नाला गेलो आणि त्याच संध्याकाळी परत फिरलो. धुकं होतं, घाई होती, आणि पेट्रोल वाचावं म्हणून स्कूटर न्यूट्रलमध्ये टाकून उतरत होतो. ब्रेक तापले. एका वळणावर पाय पूर्ण दाबला तरी गाडी थांबेना. मी हँडल डोंगराच्या बाजूला वळवलं आणि गटारात जाऊन पडलो. चूक सर्वस्वी माझी होती. एका रिकाम्या भाजीच्या टेम्पोवाल्याने गाडी थांबवली, कळशीतल्या पाण्याने माझा गुडघा धुतला, त्यावर आपला रुमाल बांधला आणि म्हणाला, ‘मास्तर, ज्या गिअरने घाट चढतो, त्याच गिअरने उतरायचा.’ तेवढं पाठ कर. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट दे. वळणावर ओव्हरटेक नाही. आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोच.

वर सुर्ल्याला थांब, तुझ्या यादीतलं तांबडी सुर्ला वेगळं. आपल्या गोव्यातलं हे घाटमाथ्यावरचं गाव. इथे हवा बदलते, माती बदलते, झाडं बुटकी होतात, आणि सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारं, सुरू होतात. सड्यावरची फुलं बघायची तर श्रावण-भाद्रपदात यायला हवं. पण तेव्हा धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही आणि दरडी कोसळतात. तू घाट पहिल्यांदा शिकतोयस, म्हणून दसऱ्यानंतर निघ. वझर, म्हणजे धबधबे, तेव्हाही वाहते असतात. गाडी बंद करून पाच मिनिटं उभा राहा. शीळकरी कस्तूर पक्षी ओरडला तर कोणीतरी माणूसच शीळ घालतोय असं वाटेल.

पुढे चोर्ला गाव, मग कणकुंबी. कर्नाटकाची हद्द ओलांडलीस तरी बोलणं मराठीतच होईल. मुक्काम कणकुंबीला कर. संध्याकाळी माउलीच्या देवळाकडे जा. मलप्रभा तिथे उगम पावते आणि पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते. म्हादईचा उगम याच खानापूर तालुक्यात, देगावला. एकाच डोंगराळ मुलखात पडलेला पाऊस एका बाजूने बंगालच्या उपसागराला आणि दुसऱ्या बाजूने पणजीला पोचतो. म्हादईच्या पाण्यावरून दोन्ही राज्यांत इतकी वर्षं भांडण का चाललंय, ते तिथे उभं राहिल्यावर वर्तमानपत्रापेक्षा चांगलं समजेल. वरच्या शेतकऱ्याचंही ऐकून घे. मी आपल्या नदीच्या बाजूचा आहे, ती वळवू नये असंच मला वाटतं, तरी त्याचं ऐक.

अनमोड-दूधसागरकडचं मोले आणि नेत्रावळी पुढच्या वर्षी. तेव्हा वेगळं पत्र लिहीन.

आणि पुढेमागे एकदा गाडी घरी ठेवून ये. वाळपईच्या स्टँडवरून संध्याकाळी वस्तीची बस सुटते. मी तिनेच शाळेच्या गावी जायचो. शेवटच्या गावात ती रात्रभर थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर सीटवर अंथरूण घालतात, गावातून कोणीतरी त्यांना पेज आणि सुकं आणून देतं, आणि पहाटे कोंबडा आरवायच्या सुमाराला इंजिनाच्या आवाजाने अख्खं गाव जागं होतं. कुठल्या गावची किती वाजता, ते मोबाईलवर शोधू नकोस. स्टँडवर जाऊन विचार.

तुझा,
मास्तर