ब्रेकअपनंतर मेक्सिकोच्या खेड्यापाड्यांत एकटीने फिरायला जावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सात वर्षांचं नातं संपलंय, हाताशी तीन आठवड्यांची रजा आहे आणि मेक्सिको सिटीपासून युकातानपर्यंत नऊ ठिकाणांची यादी तयार आहे. एकटीने जावं का, आणि तिथे जाऊन आणखीच एकटं वाटेल का, असं तुम्ही विचारलंय.

जा. पण ती यादी बाजूला ठेवा. नऊच्या जागी दोन ठिकाणं घ्या, फार तर तीन, आणि तीही एकाच राज्यातली.

मी हे 2019 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये केलं आणि आधी चुकीच्या पद्धतीने केलं. तेव्हा मी डॅलसला नोकरीला होते. लग्नाची तारीख ठरायच्या बेतात असलेलं नातं मोडलं होतं. घोलवडला घरी फोन केला की आई बोलता बोलता गप्प व्हायची, आणि तिचं ते गप्प होणं मला सोसवत नव्हतं. म्हणून निघाले. पहिल्या नऊ दिवसांत पाच शहरं केली. रोज नवी खोली, रोज नवा बसस्टँड. दिवसभरात माझ्याशी बोलणारी माणसं दोनच: तिकीट देणारा आणि खोलीची किल्ली देणारा. रात्री दार लावलं की हात आपसूक फोनकडे जायचा आणि मी त्याचे जुने मेसेज वरपासून खालपर्यंत वाचत बसायचे. कुणाला माझं नावही माहीत नव्हतं. मी जेवले की नाही हे कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

दहाव्या दिवशी दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका शहरात पोचले. तिथल्या घरमालकीणबाईंनी माझा चेहरा पाहिला असावा. म्हणाल्या, वर डोंगरात जाऊन राहा. त्या डोंगरांना सिएरा नोर्ते म्हणतात. तिथे झापोतेक या मूळ रहिवाशांची आठ गावं आहेत, सगळ्यांना मिळून पुएब्लोस मान्कोमुनादोस असं नाव आहे. जंगल आणि जमीन सामाईक, कुणा एकाच्या मालकीची नाही. 1990 च्या दशकापासून ही गावं पाहुणे ठेवतात, पण तेही गाव म्हणून. तुम्ही कुणाच्या हॉटेलात उतरत नाही. गावाच्या कचेरीत नाव लिहिता, तिथून लाकडी खोली मिळते आणि वाटाड्या मिळतो.

कचेरीत बसलेला माणूसही बहुधा आपली पाळी करत असतो. गावाचं पद सांभाळायचं, तेही पगाराशिवाय, याला तिथे ‘कार्गो’ म्हणतात. रस्ता दुरुस्त करणं, पाण्याची पाइप टाकणं, जंगल साफ करणं ही कामं ‘तेकियो’ने होतात. तेकियो म्हणजे आपलं श्रमदान, फक्त ते चुकवता येत नाही. वाहाका राज्यात 570 नगरपालिका आहेत आणि त्यातल्या चारशेहून अधिक ठिकाणी कारभारी पक्षांच्या चिन्हावर निवडले जात नाहीत, गावाच्या रिवाजाप्रमाणे निवडले जातात. आपल्याकडच्या गावकीचे चटके मी पाहिलेत, त्यामुळे मी या व्यवस्थेला स्वर्ग म्हणणार नाही. पण मन मोडून आलेल्या बाईसाठी तिचा एक गुण फार मोलाचा आहे. तिथे तुम्ही कुणाच्या तरी हिशेबात असता.

मी आधी क्वाहिमोलोयासला राहिले. हे गाव सुमारे 3,200 मीटर उंचीवर आहे, आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. पहिल्या दिवशी जिना चढले तरी धाप लागली. संध्याकाळी एक मुलगा ओकोतेच्या काड्या घेऊन आला. ही राळ मुरलेली पाइनची काडी असते, ओली लाकडंही पेटवते. त्याने शेगडी पेटवली आणि सकाळी किती वाजता जेवणार ते विचारून गेला. दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास उशिरा उठले, तर खानावळीतली बाई दारात उभी होती, मी बरी आहे ना ते बघायला. गेल्या दहा दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी माझी वाट पाहिली होती.

तिनेच मला तो प्रश्न विचारला, जो पुढे प्रत्येक गावात कानावर आला: “सोलिता?” स्पॅनिशमध्ये ‘सोला’ म्हणजे एकटी. ‘सोलिता’ हे त्याचं मायेनं लहान केलेलं रूप, आपण घराला घरकुल म्हणतो तसं. आपल्याकडे कुणी “एकटीच?” म्हणालं की त्या ‘च’मध्ये सगळं असतं: नवरा कुठाय, घरच्यांनी सोडलं कसं, काही झालंय का. मी तोच ‘च’ ऐकायच्या तयारीने ताठ झाले. तो आलाच नाही. “हो” म्हटल्यावर तिने माझा स्टूल चुलीच्या जवळ सरकवला आणि पुन्हा तव्याकडे वळली.

तो तवा, म्हणजे कोमाल, पुष्कळ ठिकाणी अजून मातीचा असतो, आपल्या खापरीसारखा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, मग दळतात. तीन पायांचा, पुढे उतरता दगडी पाटा असतो, त्याला मेताते म्हणतात. तांदळाची भाकरी थापत मोठी झालेली मी, त्या पिठाला हात लावू का असं खुणेनं विचारलं. पहिल्या दोन तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, फाटल्या. तिसरी फुगली तेव्हा ती बाई मोठ्यानं “एसो!” म्हणाली. असंच, शाब्बास. कितीतरी दिवसांनी माझ्या हातून काहीतरी नीट झालं होतं.

या गावांमधल्या पायवाटा वाटाड्याला घेऊनच चालायच्या असतात. लातुवीहून लाचातावकडे जाणारी जुनी वाट, कामिनो रेआल, मी पाच-सहा तासांत चालले. झाडांवरून करड्या दाढ्यांसारख्या वनस्पती लोंबतात आणि ओढा सतत बरोबर असतो. वाटाड्या साठीचा होता. बेनितो हुआरेसची गोष्ट त्यानेच सांगितली. याच डोंगरांतल्या गेलातावमध्ये 1806 साली जन्मलेला, आईबाप लहानपणीच गेलेले. बारा वर्षांचा असताना तो एकटा चालत वाहाका शहरात बहिणीकडे गेला, स्पॅनिशही येत नसताना, आणि पुढे देशाचा अध्यक्ष झाला. गोष्ट संपवून वाटाड्या बराच वेळ काही बोलला नाही. मग एका ठिकाणी थांबून रानातली एक वनस्पती चुरगळून माझ्या हातावर ठेवली, वास घे म्हणाला. अशी सोबत मला हवी होती. आपल्याबद्दल काहीही न सांगता कुणाबरोबर तरी चालत राहायचं.

रडू मात्र खाली उतरल्यावर आलं. खोऱ्यात त्लाकोलुला गावाला दर रविवारी मोठा बाजार भरतो, आजूबाजूच्या गावांतल्या बायका फुलाफुलांचे रुमाल डोक्याला बांधून येतात. एका म्हातारीच्या टोपलीत मला चिकू दिसले. घोलवडच्या मुलीला चिकू लांबूनही ओळखता येतो, आमची वाडीच त्याची आहे. मी बोट दाखवून नाव विचारलं. ती म्हणाली, “चिकोसापोते.” चिकू हे आपलं नाव त्या ‘चिको’वरूनच आलेलं, आणि झाडही मुळात तिकडचंच. त्याच्याच चिकापासून च्युइंगगम करत. तिने एक फळ कापून माझ्या हातात दिलं. तीच रवाळ गोडी. फळ हातात धरून मी तिथेच उभ्याने रडले, भर बाजारात.

म्हातारीने एक उलटी टोपली माझ्याकडे सरकवली. “सोलिता?” “सी.” “आय, मीहा.” मीहा म्हणजे माझी लेक. तिने काय झालं ते विचारलं नाही. तिची गिऱ्हाइकं येत होती, जात होती. मी तासभर त्या टोपलीवर बसले, आणि उठले तेव्हा तिने उरलेले चार चिकू पिशवीत घातले. पैसे घेतले, पूर्ण घेतले. त्याचंही मला बरं वाटलं.

शेवटचे सहा दिवस मी तेओतित्लान देल वाय्येला राहिले, शहरापासून तीसेक किलोमीटरवर. हे विणकरांचं गाव आहे, घरोघरी लोकरीच्या सतरंज्यांचे माग. मी राहिले त्या घरची आजी झापोतेक बोलायची आणि तिचं स्पॅनिश माझ्याइतकंच मोडकं होतं, म्हणून आमचं छान जमलं. निवडुंगावर वाढणारा कोचिनिया नावाचा किडा वाळवून तिने माझ्या तळहातावर चुरडला. गडद किरमिजी रंग. वर लिंबू पिळलं तर तो केशरी झाला, खाण्याचा सोडा टाकला तर जांभळा. स्पॅनिश काळात या रंगाचा भाव असा होता की मेक्सिकोच्या निर्यातीत चांदीखालोखाल त्याचाच नंबर लागे. मला मागावर बसायचं होतं, पण तिने मला कांड्या भरायला बसवलं. रोज दुपारी मी कांड्या भरल्या. फोन खोलीत पडून असायचा, आणि तो आणावासा वाटला नाही हे मला तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

आता सुरक्षिततेबद्दल, कारण तुम्ही बाई आहात आणि एकट्या आहात. खेड्यांचे रस्ते फक्त उजेडात. शहरांमधल्या टोल रस्त्यावरच्या पहिल्या वर्गाच्या रात्रीच्या बस वेगळ्या, त्यांनी मी गेले. तुमच्या यादीतलं चियापास राज्य या वेळी सोडा. ग्वाटेमालाच्या सीमेकडचा त्याचा भाग 2023 पासून टोळ्यांच्या हाणामारीत होरपळलाय, आणि सान क्रिस्तोबाल ते पालेंके या रस्त्यावर वाहनं अडवण्याचे प्रकार होत आलेत. वाहाकातही कधीकधी गावकरी मागण्यांसाठी रस्ता बंद करतात. तेव्हा वाद न घालता मागे फिरायचं आणि एक दिवस हातात जादा ठेवायचा. डोंगरात एटीएम नाही असं धरून चाला, छोट्या नोटा शहरातूनच घ्या. उबदार कपडे न्या, मेक्सिको म्हणजे ऊन हे डोंगरात खोटं ठरतं.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. सान होसे देल पासिफिको हे वाहाकातलं गाव भास घडवणाऱ्या अळंब्यांसाठी प्रसिद्ध आहे. मन मोडलेले पुष्कळ प्रवासी तिकडे ओढले जातात. एकटीने, या अवस्थेत, ते करू नका. खोलीत एकटीने मेस्काल ही तिथली दारूही नको. मी एकदा प्यायले होते, ती माझ्या प्रवासातली सर्वात वाईट रात्र होती.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण विचारावं लागेल. राजम्यासारख्या घेवड्यातही डुकराची चरबी असते, त्लायुदा या मोठ्या कडक तोर्तियावर तर ती पसरूनच देतात. “सिन मान्तेका, सिन आसिएन्तो”, म्हणजे चरबी नको, हे पाठ करा. तांबड्या भोपळ्याची फुलं आणि चीज घातलेली गरम केसादिया, म्हणजे दुमडलेली तोर्तिया, मिळाली तर सोडू नका. तुमच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही.

भाषेची काळजी करू नका, थोडी पुरते. दुकानात शिरताना आधी “बुएनोस दीयास”, म्हणजे सुप्रभात, मग काय हवं ते. खानावळीतून उठताना बाकीच्या जेवणाऱ्यांना “प्रोवेचो”, सावकाश जेवा म्हणतो तसं. आणि कुणी “सोलिता?” विचारलं तर “सी, सोलिता” एवढंच म्हणा. पुढचं विचारायचं की नुसता स्टूल सरकवायचा, ते त्या बायांना नीट कळतं.