लेकीचं चिडणं, चावणं आणि तुझं पोस्टपार्टम डिप्रेशन

अगं, तू एक प्रश्न विचारलायस असं तुला वाटतंय, पण त्यात दोन आहेत. पहिला हा की लेक साडेतीन वर्षांची झाली, चिडली की चावते, वस्तू फेकते, बोलणं अजून दोन-तीन शब्दांचंच, तर बाळंतपणानंतर पहिल्या वर्षी तुला जे डिप्रेशन (म्हणजे पोस्टपार्टम) होतं त्यामुळे तिचं कायमचं नुकसान झालं का. दुसरं तू शेवटी जाता जाता लिहिलंयस, की गेले दोनेक महिने परत झोप लागत नाही आणि कशात मन रमत नाही. माझ्या मते खरा मुद्दा तो आहे, त्यावर येतेच.

परिणाम होतो का? होऊ शकतो. "काही नाही होत गं, मुलं आपोआप मोठी होतात" असं मी म्हणणार नाही, मी स्वतः यातून गेलेय आणि असली वाक्यं ऐकून माझं डोकंच फिरायचं. पण किती होतो, हे डिप्रेशन किती तीव्र होतं आणि किती दिवस टिकलं यावर खूप अवलंबून असतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरात १९९१-९२ च्या सुमाराला हजारो गरोदर बायकांची नोंद करून त्यांच्या मुलांना मोठी होईपर्यंत फॉलो केलंय, त्यावर २०१८ मध्ये एक मोठा पेपर आला. बाळ २ महिन्यांचं असताना आणि परत ८ महिन्यांचं असताना, दोन्ही वेळा ज्या आयांचा डिप्रेशनच्या प्रश्नावलीतला स्कोअर खूप जास्त होता, त्यांच्या मुलांमध्ये साडेतीन वर्षांच्या वयात वागण्याच्या तक्रारी, १६ व्या वर्षी गणितात कमी मार्क आणि १८ व्या वर्षी डिप्रेशन हे सगळं जास्त दिसलं. शिवाय त्यातल्या बऱ्याच आयांचा त्रास पहिल्या वर्षात संपलाच नव्हता, मूल ११ वर्षांचं होईपर्यंत त्यांचे स्कोअर चढेच होते. म्हणजे ज्याला आपण "पहिल्या वर्षाचा परिणाम" म्हणतो त्यात पुढच्या कितीतरी वर्षांचाही वाटा असणार. तू तर लिहिलंयस की सातव्या-आठव्या महिन्यात गोळ्या सुरू केल्या आणि वाढदिवसापर्यंत बरं वाटायला लागलं. आणि हे सगळे आकडे खूप मुलांच्या सरासरीचे असतात गं, त्यावरून तुझी एक मुलगी का चावते हे कोणीच सांगू शकत नाही.

आता तो सगळीकडे फिरणारा व्हिडिओ, ज्यात आई दोन मिनिटं चेहरा एकदम निर्विकार ठेवते आणि बाळ हातवारे करतं, आवाज काढतं, शेवटी रडकुंडीला येतं. तो ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९७० च्या दशकातला प्रयोग आहे, आणि तो बघून कितीतरी बायका रात्रभर रडल्यात हे मला माहितीय. पण त्याच माणसाच्या कामातून हेही पुढे आलं की एकदम ठणठणीत आयासुद्धा बाळाशी बराच वेळ सूर जुळवून नसतातच, चुकतात, परत जुळवतात आणि बाळ त्या परत जुळण्यातूनच शिकतं. डिप्रेशनमध्ये ते परत जुळवणं कमी होतं कारण अंगात त्राणच नसतं. आणि घरात बाबा, आजी, कोणीतरी बाळाशी बोलणारं-खेळणारं असेल तर बरंच सावरलं जातं (बाबालाही डिप्रेशन येतं हं, ते कोणी विचारतच नाही).

लेकीबद्दल एवढंच, की बोलणं खरंच मागे वाटत असेल तर कानांची तपासणी आणि डेव्हलपमेंटल असेसमेंट (वयाप्रमाणे विकास होतोय का याची तपासणी) करून घे. "माझ्यामुळेच झालंय" असं धरून बसलीस तर ऐकायला कमी येणं वगैरे साधी कारणं राहून जातात. शब्द सापडत नाहीत म्हणून चावणारी मुलं खूप असतात.

आता तू. २००६ मध्ये अमेरिकेत डिप्रेशनवर उपचार घेणाऱ्या आया आणि त्यांची ७ ते १७ वर्षांची मुलं असा एक अभ्यास झाला होता, त्यात तीन महिन्यांत ज्या आया बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांच्या तक्रारी कमी झाल्या, आणि ज्या बऱ्या झाल्या नाहीत त्यांच्या मुलांच्या थोड्या वाढल्याच, मुलांवर वेगळे उपचार केलेले नसताना. म्हणून म्हणतेय की लेकीसाठी काही करायचंच असेल तर आधी तुझी अपॉइंटमेंट घे. तेव्हा भरलेला तो डिप्रेशन तपासणारा १० प्रश्नांचा एडिंबरा फॉर्म मुख्यतः बाळंतपणाच्या आसपासच्या काळासाठी असतो, आता डॉक्टर बहुतेक ९ प्रश्नांचा पीएचक्यू नावाचा तसाच दुसरा फॉर्म वापरतील, पण फॉर्मवरून निदान होत नाही, नीट बोलावंच लागतं. थायरॉइडचंही विचार. जुनी उरलेली गोळी स्वतःहून सुरू करू नकोस, पण कुठली होती, किती महिने घेतलीस आणि बंद कशी केलीस हे लिहून ने, त्यांना खूप उपयोग होतो. आणि स्वतःला संपवावं असा विचार एकदा जरी आला तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी सांगून हॉस्पिटलमध्ये जायचं, रात्रीचे दोन वाजले असतील तरी.