फायबर वाढवलं तर एमएसची इंजेक्शनं बंद करता येतील का?

तुमच्या बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) झालाय आणि कुणीतरी सांगितलंय की भरपूर फायबर खाल्लं, पोटातले जिवाणू सुधारले की इंजेक्शनं लागणार नाहीत. इंजेक्शनं अजिबात बंद करू नका. मी ठाण्यात नौपाड्याला राहते, मलाही एमएसच आहे.

सांगणाऱ्याने अगदीच हवेत सोडलेलं नाही. आपल्याला न पचणारा कोंडा, साली मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी द्रव्यं तयार होतात. रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-पेशींना त्यांची मदत होते. एमएसमध्ये हा आवरच सुटतो आणि नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर आपल्याच पेशी तुटून पडतात. २०२० मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी एमएसच्या रुग्णांना रोज १ ग्रॅम प्रोपिओनिक आम्ल दिलं, तर दोन आठवड्यांत आवर घालणाऱ्या त्या टी-पेशी वाढल्या. पण ती कॅप्सूल होती, भाकरी नव्हे. शिवाय उपचार चालू असलेल्यांना ती औषधांच्या जोडीला दिली होती, औषधं थांबवून नाही.

मला फायबरचा उपयोग होतो तो पोट साफ व्हायला. या आजारात आतड्यांची हालचाल मंदावते. त्यात लघवीला अचानक घाई होते, म्हणून आम्ही पाणीच कमी पितो. ठाण्याहून सीएसएमटीला जायचं तर लोकलमध्ये संडास नाही, मग सकाळपासून घोटभर चहावर निघायचं! अशा कोरड्या पोटात फायबर भरलं की बद्धकोष्ठ वाढतो. इसबगोल तर कमी पाण्यात घेऊच नये. तेव्हा आधी लघवीचा त्रास न्यूरॉलॉजिस्टला न लाजता सांगा, त्यावर औषधं मिळतात.

खाण्यात फार काही आणायला नको. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम फायबर असतं, पांढऱ्या तांदळात ३ सुद्धा नाही. मी जांभळी नाक्यावरून ज्वारी आणून दळून घेते आणि पीठ चाळत नाही. रात्रीच्या भाताऐवजी भाकरी, सोबत मोडाच्या मुगाची उसळ. एकदम सगळं बदललंत तर गॅसने हैराण व्हाल, आधी एकच जेवण बदला.

आणि हो, जेवताना तिला ठसका लागतो का ते बघा. लागत असेल तर कोरडी भाकरी देऊ नका. डॉक्टरांना सांगून स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या.