नसबंदी केलेला, बाहेर फिरणारा बोका साडेसहा किलोचा झाला आहे. त्याचे वजन कसे उतरवावे?

तुम्ही लिहिले आहे की, कोपरीला तळमजल्यावर राहता, दोन वर्षांपूर्वी जिन्याखालून उचलून आणलेला बोका नसबंदीनंतर फुगत गेला, दिवसभर बाहेर असतो आणि घरचे खाणे निम्म्यावर आणूनही त्याचे वजन हलत नाही. आमच्याकडे नेरुळला आमच्या मांजरीच्या, ठमीच्या बाबतीत हेच घडले होते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

सर्वांत आधी, खाणे एकदम निम्मे करणे थांबवा. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जरी नीट जेवले नाही तरी शरीरातली चरबी यकृतात साठू लागते आणि हा आजार जिवावर बेततो. तुमचा बोका आतापर्यंत त्यातून वाचला आहे याचा अर्थ एवढाच की, तो बाहेर कुठेतरी पोटभर जेवतो आहे. तो कुठे आणि काय खातो हे कळल्याशिवाय घरी केलेले कोणतेही मोजमाप उपयोगाचे नाही.

ते शोधण्यासाठी मी ठमीच्या गळपट्ट्याला कागदाची छोटी सुरळी बांधली होती. तीवर लिहिले होते, ‘मी शेजारच्या इमारतीत राहते. मला कोण काय खायला देते, कृपया लिहावे.’ तिसऱ्या दिवशी त्याच कागदाच्या मागे पेन्सिलीने उत्तर आले, ‘रोज सकाळी दूधपोळी. पहिला मजला.’ नाक्यावरच्या कोळीण मावशी तिला बोंबलाची डोकी देत होत्या, ते नंतर कळले. गळपट्टा मात्र ताण पडताच आपोआप सुटणाराच घ्या, नाहीतर तो कुंपणात अडकून फास बसतो.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंना ‘देऊ नका’ एवढेच सांगितले असते तर त्या दुखावल्या असत्या आणि गुपचूप देत राहिल्या असत्या. मी ठमीच्या रोजच्या मापातलेच थोडे कोरडे खाणे डबीत भरून त्यांना देऊ लागले, आणि दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही हेही समजावले. काकूंचा लळा तसाच राहिला आणि पोळी बंद झाली.

आता मापाविषयी. बोक्याचे योग्य वजन डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ते 5 किलो धरले, तर वजन उतरवताना दिवसाला साधारण 185 ते 190 कॅलरी पुरतात, म्हणजे 100 ग्रॅमला 375 कॅलरी असलेले कोरडे खाणे सुमारे 50 ग्रॅम. पाकिटावरचा आकडा पाहून हिशेब करा आणि खाणे वाटीने न मोजता स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. माझी ‘एक वाटी’ तोलून पाहिली तेव्हा ती 70 ग्रॅमची निघाली. आठवड्याला एक टक्का, म्हणजे 60-65 ग्रॅम उतरले तरी पुष्कळ आहे. दीड किलोला सहा महिने लागतील. वजन घरी घेताना त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा आणि स्वतःचे वजन वजा करा. बरगड्याही चाचपून पाहा. हाताचा पंजा पालथा ठेवून बोटांमागची हाडे जशी लागतात तशा बरगड्या लागल्या की वजन योग्य आहे असे समजावे. पोटाखाली लोंबणारी सैल कातडी पाहून घाबरू नका, ती सडपातळ मांजरांनाही असते.

बाहेर जाणे एकदम बंद केले तर रस्त्यावर वाढलेला बोका दारावर नखे मारून घर डोक्यावर घेईल. आधी फक्त रात्र बंद करा. कुत्री, गाड्या, बोक्यांची भांडणे हे धोके रात्री अधिक असतात. सकाळी बाहेर सोडण्यापूर्वी काही देऊ नका आणि मुख्य जेवण दिवेलागणीला, रोज ठरल्या वेळी, डबा वाजवून द्या. भुकेलेला बोका आठ-दहा दिवसांत ती वेळ शिकतो. तो आत आला की दार लावून घ्या आणि जेवणाआधी दहा मिनिटे दोरीमागे पळवा. पहाटे तो ओरडेल. त्या वेळी एकदा जरी दार उघडले तरी तो रोज ओरडेल. आमच्याकडे हे बारा दिवस चालले आणि ते दिवस खरोखर जड गेले.

खिडकीला कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडते, म्हणून तिच्या गाठी दर आठवड्याला तपासा. सोसायटीत उंदरांचे औषध टाकण्याचा दिवस कळवा, असे वॉचमनला सांगून ठेवा; त्या दिवसापासून आठवडाभर बोक्याला घरातच ठेवा, कारण विष खाल्लेला उंदीर खाऊनही मांजराला विषबाधा होते.

हे सुरू करण्यापूर्वी त्याची रक्ततपासणी करून घ्या. नसबंदी झालेल्या लठ्ठ बोक्यांना मधुमेहाचा धोका अधिक असतो, आणि तो पाणी जास्त पीत असेल किंवा लघवी वाढली असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. वजन उतरवताना तो पूर्ण एक दिवस काहीच न खाता राहिला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्या.