'पर्यावरण' म्हटलं की ग्रुपवर भांडण का होतं?

प्रश्न : ताई, सिंहगड रस्त्यावर आमची ६० फ्लॅटची सोसायटी आहे. मी यंदा सेक्रेटरी. गणपतीआधी ग्रुपवर टाकलं, 'पर्यावरण वाचवा, पीओपी टाळा, नदीत विसर्जन नको.' दहा मिनिटांत सुरू : 'दर वेळी आमच्याच सणाला का?' 'बकरी ईदला कुठे असता?' एका काकांनी मला 'पुरोगामी' म्हटलं, तेही शिवी हासडल्यासारखं. हीच माणसं ओला-सुका कचरा वेगळा ठेवतात, टाकी वाहिली तर रात्री अकराला फोन करतात. माझं चुकलं कुठे? (नाव छापू नये.)

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, तुमचा निरोप कुणी वाचलाच नाही. तो कुठल्या गटाकडून आलाय, एवढंच पाहिलं.

अमेरिकेत २०१३ मध्ये एक साधा प्रयोग झाला. लोकांना थोडे पैसे देऊन बल्ब घ्यायला सांगितलं : नेहमीचा स्वस्त, नाहीतर वीज वाचवणारा महागडा सीएफएल. सीएफएलवर 'पर्यावरणाचं रक्षण करा' असं लेबल लावलं, तेव्हा उजव्या विचारांच्या लोकांनी तो कमी घेतला. लेबल काढलं, तर दोन्हीकडचे लोक साधारण सारखेच निघाले. बल्ब तोच, वीजबचतही तीच. नडला तो शब्द.

हे फक्त उजव्यांचं दुखणं आहे असं समजू नका. मी ३१ वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. तीन वर्षांपूर्वी भगवे उपरणे घातलेली दोन मुलं शेणाच्या गणेशमूर्ती घेऊन दारात आली. मी 'नको' म्हणून दार लावून घेतलं. चहा गाळताना लक्षात आलं, शेण तर पाण्यात विरघळून खत होतं! मी मूर्ती पाहिलीच नव्हती, उपरणं पाहिलं होतं.

आता घाटावरचं सांगते. आम्ही विसर्जनाच्या हौदाशी उभे राहायचो, तेव्हा पहिल्या वर्षी माझ्या हातात कर्णा होता आणि तोंडात 'प्रदूषण'. लोक मान वळवून पुलाकडे जायचे. पुढच्या वर्षी एक निवृत्त गुरुजी आले. त्यांनी हौद धुवून घेतला, कडेने रांगोळी काढायला लावली, पाट मांडला. येईल त्याला विचारायचे, "उत्तरपूजा झाली का? नसेल तर इथे करू." मूर्ती स्वतः दोन्ही हातांनी पाण्यात सोडायचे. प्रदूषणाचा प सुद्धा नाही. संध्याकाळी रांग लागली. एकदा एक गृहस्थ अडून बसले, तर गुरुजी त्यांना एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी पुलाखाली या." मुठेचं पाणी उतरलं की तिथे चिखलात सोंडा, हात, अर्धे चेहरे दिसतात. ते पाहून सगळ्यात जास्त गलबलतं ते भाविकालाच. घरात आपण 'पार्थिव' गणेश पूजतो, म्हणजे मातीचा. हे आठवून द्यायलाही पर्यावरण हा शब्द लागत नाही.

तेव्हा ग्रुपवर ईदचा हिशेब मांडत बसू नका. त्या काकांकडे जा, ग्रुपवर नव्हे, घरी. सोसायटीचा हौद त्यांच्या ताब्यात द्या, आरतीची वेळ त्यांनाच ठरवू द्या. पुढचा मेसेज त्यांच्या नावाने जाऊ दे, त्यांच्या शब्दांत. तुमचा मोठेपणा थोडा कमी होईल, चालेल.

एक मात्र यानेही सुटत नाही. पेणच्या कारखानदारांचं पोट पीओपीवर आहे, शाडूची मूर्ती महाग आणि जड. ते गोड बोलून मिटणारं नाही, तिथे सरकारलाच हात घालावा लागेल.

आणि ज्यांनी पीओपीची मूर्ती आधीच सांगून ठेवली असेल, त्यांच्याशी वाद नको. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काढलेली युक्ती आहे : अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात मूर्ती पूर्ण बुडवायची, अधूनमधून ढवळायचं, दोन-तीन दिवसांत विरघळते. वर राहतं ते अमोनियम सल्फेटचं पाणी, झाडांना पातळ करून घालता येतं. पिंप मात्र गच्चीत ठेवा. अमोनियाचा वास जिन्यात शिरला तर रात्री अकराला पुन्हा फोन तुम्हालाच येईल.